जावेची गोळी

बोरदरीच्या नलू मुनेश्वरचा आणि तिच्या धाकट्या जावेचा, इंदूबाईचा, अबोला मुंगवड्यांवरून सुरू झाला होता. इंदूनं अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या मुंगवड्या नलूच्या शेळीनं फस्त केल्या, एवढाच काय तो मामला. पण नलूनं शेळीचा दोर मुद्दाम सैल सोडला, हे इंदूचं म्हणणं; आणि इंदूनं खाट मुद्दाम शेळीच्या वाटेत टाकली, हे नलूचं. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. नवरे एकमेकांच्या ओट्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचे, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. बायका मात्र वर्षं लोटली तरी मागं हटायला तयार नव्हत्या. अगदीच काही सांगायचं असलं तर शेळीला सांगायचं, म्हणजे पलीकडं बरोबर ऐकू जायचं.

त्यात नलू बचत गटाची अध्यक्ष. इंदूला तिच्या हाताखाली बसणं मुळीच पसंत नव्हतं, पण गट सोडून नलूला मोकळं रान द्यायचं, हे त्याहून नापसंत. म्हणून दर बैठकीला ती यायची, नलूकडे पाठ होईल अशी बसायची आणि आपलं मत सत्तरीच्या रुखमाबाईंच्या मार्फत मांडायची. "रुखमाबाई, सांगा अध्यक्षीनले, मले मंजूर नाही." नलू तिथंच दोन हातांवर बसलेली असायची. तीही रुखमाबाईंना म्हणायची, "विचारा तिले, काय मंजूर नाही?" रुखमाबाई बिचाऱ्या मान इकडून तिकडं फिरवून थकायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कापसाला भाव नव्हता आणि गावाला पाहुण्यांची वाण नव्हती. आज समिती यायची, उद्या पथक यायचं, परवा कॅमेरेवाले. गाडीतून उतरायचे, पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहून चेहरा पाडायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. लोकांनाही सराव झाला होता. गाडीचा धुरळा दिसला की रुखमाबाई चहाचं आधण ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आले बाप्पा, आपलं दुःख पाहाले."

आभा देशकर आली तेव्हाही आधण ठेवलंच होतं. मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राची पुढली पदवी घेणारी ही पोरगी, चष्मा नाकावरून घसरलेला, बोलायला लागली की श्वास घ्यायची विसरायची. तिनं फोटो मागितला नाही, सही मागितली ती शेवटी. आधी तिनं थुंकी मागितली.

"थुका?" रुखमाबाईंनी कानाला हात लावला.

"हो. सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, चहा न घेता, या एवढ्याशा नळीत."

समाजमंदिरात असा हशा उठला की बाहेरची कोंबडी पळाली. पण आभा हसून झाल्यावर समजावूनही सांगायची, हे नलूला आवडलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांच्या हाती, असं तिनं सांगितलं. त्यातल्या एका रसायनाचं नाव सेरोटोनिन. माणसाला टेन्शन आलं की मेंदूतून निरोप निघतो, मेंदूच्या खालच्या ग्रंथीला पोचतो, तिथून रक्तावाटे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ग्रंथींना जातो, आणि त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य सोडतात. वाघ मागं लागला तर ते सुटायलाच हवं, त्याच्याशिवाय पाय उचलणार नाही. पण वाघ नसताना ते सुटतच राहिलं की झोप जाते, छाती धडधडते, तोंडाची चव जाते. थुंकीत ते मोजता येतं.

नलूनं थोडा विचार केला. लग्नाआधी ती वणीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायची. "म्हंजे असं पाह्या म्याडम, मालक फोन करते, मुनीम बटन दाबते, न मंग भोंगा वाजते. आपल्या डोक्यातला मालक फोन ठेवूनच नाही राह्यला."

"अगदी बरोबर!" आभा इतकी खूश झाली की तिचा चष्माच पडला. "आणि माझी गोळी भोंग्याला हात लावत नाही. ती फोनवर, त्या सेरोटोनिनवर, काम करते. फक्त एक आहे, पहिले काही दिवस फोन उलट जास्तच वाजतो. मळमळेल, जीव घाबरल्यासारखा होईल. मग हळूहळू शांत होतं, झोप लागायला लागते. घाबरून गोळी सोडायची नाही."

मग तिनं ती विचित्र अट सांगितली. ज्यांची झोप उडाली आहे अशा बायकांना ती गोळ्या देणार, पण अर्ध्याजणींच्या डबीत खरी गोळी असेल आणि अर्ध्याजणींच्या डबीत नुसती साखरेची, दिसायला अगदी तशीच. कुणाच्या डबीत काय, हे कुणालाच कळणार नाही.

"तुमाले तं माईत असंन?"

"मलाही नाही. ते माझ्या सरांच्या कपाटात बंद आहे."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "असं कसं व बाई," रुखमाबाई म्हणाल्या, "पंगतीत अर्ध्यायले बुंदी न अर्ध्यायले नुसतं ताट? आपल्या इकडं असं वाढत नाही कोनी." पण पोरगी गरीब गाईसारखी उभी होती, आणि ज्यांना साखर मिळेल त्यांना नंतर खरं औषध देऊ असंही म्हणत होती. नलूनं गटाच्या वतीनं होकार दिला. रुखमाबाईंना झोपेचा त्रास नव्हता, त्यांचा त्रास वेगळाच निघाला. त्या पहाटे उठून तंबाखूची बारीक पूड, नस, दातांना लावायच्या, आणि त्यांना बघून आणखी चौघी लावायच्या. आभानं सांगितलं, नळीत थुंकेपर्यंत नस बंद, तंबाखूसुद्धा मेंदूतला तोच फोन वाजवते. चौघींनी आठवडाभर रुखमाबाईंच्या नावानं बोटं मोडली.

इंदूचं नाव यादीत आलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. तिचा अश्वजित शेत बापावर सोडून वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला होता. चंद्रपूरच्या रस्त्यावर रात्रीची गाडी. पोरगा गाडीवर असला की इंदू जागी, आणि पोरगा सुट्टीवर घरी आला की सवयीनं जागी. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. ज्या बाईच्या तोंडाला पूर्वी गावात कुणी लागत नसे, ती आता बैठकीत "मंजूर नाही" म्हणायचंही विसरायला लागली होती. नलूला त्याचं फार वाईट वाटायचं. भांडायला जावच राहिली नाही तर अबोला तरी कुणाशी धरायचा!

नलूचीही झोप गेली होती, पण ते तिनं एकट्या आभाला सांगितलं होतं. गावात तिची ख्याती पहाडासारखी बाई अशी होती, आणि ती ख्याती तिनं मेहनतीनं जपली होती.

पोळा झाला आणि गोळ्या सुरू झाल्या. नलूच्या डबीवर चार नंबर, इंदूच्या डबीवर नऊ. दोनच दिवसांत नलूला असं मळमळायला लागलं की भाकरीचा वास नको झाला. छातीत धडधड, हातापायाला कापरं. तिनं ते गावभर सांगितलं, विहिरीवर, दळणाला, ओट्यावर. "आवं, पोटुशी होती तवा नाही झालं असं!" मग हळूहळू ते ओसरलं, आणि एका सकाळी नलू उठली ती उन्हं अंगणात आल्यावर. कितीतरी महिन्यांनी तिला असं वाटलं, की डोक्यातल्या मालकानं फोन खाली ठेवला आणि जेवायला गेला.

त्याच सकाळी तिनं इंदूला रुखमाबाईंशी बोलताना ऐकलं. "मले तं काईच नाही झालं. ना मळमळ ना झोप. तशीच रातभर डोये उघडे."

नलूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या डबीत बुंदी आहे आणि तिच्या डबीत नुसतं ताट.

दोन दिवस ती स्वतःशी भांडली. म्याडमनं बजावलं होतं, आपली गोळी आपणच खायची. पण साखरवाल्यांना खरं औषध मिळायचं ते अभ्यास संपल्यावर, आणि इंदू तर आताच सुकत चालली होती. बरं, उघड द्यावी तर इंदूनं ती घेतली नसती. शेळीसमोर उभं राहून म्हणाली असती, 'पाह्य व, लोकायले आमची दया येऊन राह्यली.' त्यापेक्षा मेलेलं बरं.

आभा गोळ्या मोजायला आली तेव्हा समाजमंदिरातल्या सतरंजीवर सगळ्या डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या. मोजणी झाली, आभा थुंकीच्या नळ्यांची बर्फाची पेटी बघायला जीपकडे गेली, बायका चहाच्या किटलीभोवती जमल्या. डब्या परत वाटायचं काम अध्यक्षांचं. नलूनं चार नंबरच्या गोळ्या पदरात ओतल्या, नऊच्या चारमध्ये, पदरातल्या नऊमध्ये. दोघींच्या सारख्याच उरल्या होत्या, त्यामुळे हिशेबाचाही प्रश्न नव्हता. तिनं झाकणं घट्ट लावली. मग ती जोरात ओरडली, "चला व, आपापली डबी घ्या! मंग कोनी म्हणू नका का मिळाली नाही!"

त्याची फळं तिला लगेच मिळाली. आठवडाभर डोकं भिरभिरलं, आणि मग भोंगा पुन्हा सुरू झाला. पूर्वीसारखीच ती अंधारात आढ्याकडे बघत पडायची, उठून भांडी घासायची. पण भिंतीपलीकडं काहीतरी बदलत होतं. आधी इंदूच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. नंतर ती शांत झाली. बायका नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन परतल्या तोवर तर इंदूचं दार सकाळी उशिरापर्यंत बंद राहायला लागलं होतं.

"पाह्य," नलू शेळीला मोठ्यानं म्हणाली, "उन्ह अंगावर आलं तरी दार उघडत नाही! राणीच झाली!" असं म्हणताना आपल्याला आनंद होतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाच तिला संताप आला. तिनं शेळीला विनाकारण एक रट्टा दिला.

वेचणी सुरू झाली तसा इंदूला तरतरी आली. ती वेचताना गाणं म्हणायला लागली, तेही बेसूर. बैठकीत तिनं एका दमात तीन ठराव नामंजूर केले. रुखमाबाईंना म्हणाली, "काल अश्वजितचा फोन आला तं मी झोपली होती. त्यानंच इचारलं, आई, बरी हाय ना?" नलू हिशेबाच्या वहीत खाली मान घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते कुणाला दिसलं नाही, हे बरंच झालं.

शेवटच्या नळ्या गेल्या, थंडी पडली, आणि एक दिवस आभा एकटीच एसटीनं उतरली. डोळे सुजलेले. नलूनं तिला घरात घेऊन पाणी दिलं तर ती पाण्याचा पेला हातात धरून रडायला लागली.

"कपाट उघडलं, नलूताई. सगळं जुळलं. खरी गोळी घेतलेल्यांचं कॉर्टिसॉल खाली आलं, साखरवाल्यांचं होतं तिथंच राहिलं. फक्त दोन नळ्या उलट्या निघाल्या. चार नंबरला खरी गोळी होती आणि तिचं कमी झालंच नाही. नऊ नंबरला साखर होती आणि तिचं सगळ्यांत छान कमी झालं. सर म्हणतात, मी नळ्यांवर नंबर टाकताना घोळ घातला. आणि दोन नळ्यांत घोळ असेल, तर बाकीच्या बरोबर आहेत हे कशावरून? म्हणतात सगळंच बाद. यंदा परीक्षेला बसता येणार नाही." तिनं नाक पुसलं. "मी घोळ नाही घातला हो. प्रत्येक नळी मी स्वतः लिहिली होती. पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. उद्या सर स्वतः येतायत विचारायला."

नलू तिच्या पुढ्यात खाली बसली. इतकी सरळ पोरगी, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन खड्ड्यांतून आलेली, आणि तिच्या कपाळी हा कलंक लावला कुणी? आपण. एक वाक्य बोललं की तो पुसला जाणार होता. पण ते वाक्य बोललं की इंदूला कळणार. आपण तिच्यासाठी झोप सोडली हे इंदूला कळणं म्हणजे इतक्या वर्षांच्या अबोल्यात साफ हरणं. 'उद्या पाह्यते,' असं म्हणून नलूनं आभाला पोटभर जेवू घातलं. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

आभाचे सर, डॉक्टर नरहर पाठक, सकाळी आले. उंच, करड्या मिशीचे, चहाला सरळ नाही म्हणणारे, त्यामुळे रुखमाबाईंच्या मनातून लगेच उतरलेले. समाजमंदिरात सगळ्या बायका बसल्या. आभा कोपऱ्यात, खाली बघत. सरांनी एकेकीला विचारलं, नळी कुठं ठेवायचात, कोण गोळा करायचं, दोन घरांच्या नळ्या एकत्र व्हायच्या का? "चार आणि नऊ शेजारी राहतात ना? मग तिथंच गडबड झाली. मिस देशकर, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, निष्काळजीपणा..."

"तिले बोलू नका!" नलू उभी राहिली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "नळ्या बरोबर हायेत. गोळ्या मी बदलल्या."

रुखमाबाईंची मान एकदम नलूकडं वळली. आता उभी राहिलीच होती, तर नलूनं सगळं सांगून टाकलं. आपली मळमळ, मग आलेली झोप, इंदूला काहीच न होणं, सतरंजी, पदर. "माही डबी तिले, तिची मले. म्याडमले काईच माईत नाही. पाप माह्यं हाय." इंदूकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

सर भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. औषध म्हणजे शिरा नव्हे वाटून खायला, एकीला चालतं ते दुसरीला घात करू शकतं, मध्येच सोडलं तर त्रास होतो, हे सगळं त्यांनी मिशी थरथरवत सुनावलं. नलू मान डोलावत राहिली. मग बोलता बोलता सर मध्येच थांबले. त्यांनी आभाच्या हातातला कागद ओढून घेतला, चार नंबर पाहिला, नऊ नंबर पाहिला, पुन्हा चार पाहिला.

"मिस देशकर," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमच्या नळ्या अचूक होत्या. गोळी या घरातून त्या घरात गेली, आणि तुमच्या मोजणीनं तिला तिथंही गाठलं. या दोघींना कारण लिहून वगळा. बाकीचं सगळं उभं राहतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला उगाच बोललो. परीक्षेला बसा."

आभा रडायलाच लागली, पण आता हसत हसत. रुखमाबाईंनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. सरांनी चहा मागितला आणि रुखमाबाईंच्या मनात परत चढले.

टाळ्या थांबल्यावर इंदू म्हणाली, "मले माईत होतं."

ती नलूकडे पाठ करून बसली होती, तशीच.

"काय माईत होतं व?" रुखमाबाईंनी विचारलं.

"गोळ्या बदलल्याचं. हिनं मळमळ न् धडधड गावभर सांगितलती. डबी घरी नेली न् तेच सारं मले सुरू झालं. मी काय येडी हावो, समजाले?"

नलूला शेळी आठवली नाही, रुखमाबाई आठवल्या नाहीत. ती थेट इंदूला म्हणाली, "मंग बोलली काहून नाही?"

इंदू वळली. कितीतरी वर्षांनी दोघींनी एकमेकींचं तोंड समोरून पाहिलं. "बोलली असती तं तू परत घेतली असती."

बायका हसल्या. इंदूसुद्धा हसली असती, पण तेवढ्यात सरांनी नलूला विचारलं, "आणि तुम्ही? तुमची झोप कशी आहे आता?"

"मस्त!" नलू म्हणाली. "पडली का लागते."

"खोटं बोलून राह्यली सायेब," इंदू म्हणाली. "इच्यावर इश्वास नोका ठेवू. रोज पहाटंच्या आधी उठून भांडे घासते. आधी मी जागी राहो तवा मले इचा आवाज ये, इले माहा. बोलत नव्हतो, पन बरं वाटे, का कोनी तरी जागं हाय. आता मी झोपून जाते, न् ही एकटीच जागते." तिनं नलूकडं बोट दाखवलं. "इलेबी द्या. खरी वाली द्या. मले आयतं निजाले बरं नाही वाटत."

नलूला काहीतरी चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं, भर समाजमंदिरात, सगळ्या गटासमोर, पहाडासारख्या बाईला. इंदूनं आपला पदर पुढं केला, तर नलूनं त्यात नाकही पुसलं.

"दोघीही मंगळवारी ओपीडीत या," सर म्हणाले. "एकमेकींच्या डब्या मात्र मी लांब ठेवीन."

"एसटीत मी इच्या बाजूले नाही बसत," नलू पदराआडून म्हणाली.

"नको बसू," इंदू म्हणाली. "पन खिडकी मी घेईन."